कोणती पाळी

चैत्रातल्या एका दुपारी चिंधू नेवाऱ्यांनी
पाणीवाटप संस्थेच्या नंबरवर फोन लावला
आणि सांगितलं, 'माझी पाळी चुकली.'
पलीकडे यंत्राचा आवाज, नेमस्त, हुशार.
त्यानं हाताशी असलेली अवजारं चाळली,
एक उचललं,
आणि साठी उलटलेल्या माणसाला
शेवटची तारीख विचारली.

पानठेल्यावर आठवडाभर तेच.
'काय चिंधूभाऊ, कितवा लागला?'
बांधी मात्र तोवर भेगाळली,
उन्हाळी धान पोटरीत आलेलं.

चूक यंत्राची नव्हती, ओळ माझी होती.
पाळी_नोंदव : पाळीची नोंद करतो.
लिहिताना ती मला पुरी वाटली,
कारण माझ्या डोळ्यापुढे नहर होता,
सातव्या गेटाचं गंजलेलं चाक,
चाकाला बांधलेली कुणाची तरी म्हैस.
ओळीत यातलं काही उतरलं नाही.
शेजारच्या कप्प्यात आशाताईंचं अवजार, पाळी_तपास.
तीही ओळ माझीच, तेवढीच आखूड.

माझे बाबा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत.
विहिरीत उतरले की खालून हाक यायची, 'पाना दे!'
मी वर काठावर, पिशवीत अकरा पाने.
'कोणता?'
'अवं तो, कालचा!'
मी सोडलेला कधीच कालचा नसायचा.
एकदा चौदाचा पाना त्यांच्या खांद्याला लागून पाण्यात गेला.
ते वर आले, शर्ट पिळला,
मी रडायच्या तयारीत.
म्हणाले, 'चूक माही हाय.
मी खाली, तू वर.
माह्या डोक्यातला नट तुले कसा दिसन?'
मग आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून
एकेका पान्याला बांधल्या.
लाल फुटबॉलच्या नटाची, हिरवी पंख्याच्या टोपीची.
टेस्टरला काळी :
हे मागितलं तरी देऊ नको,
आधी मेन पाड.

तर त्या रात्री मी पुन्हा लिहिलं.
पाणपाळी_नोंदव :
तलावाच्या नहराचं पाणी बांधीला मिळालं की चुकलं
ते लिहून ठेवतो.
गेटाचा नंबर लागतो. नुसतं नाव पुरत नाही,
गावात तीन चिंधू आहेत.
वखराची पाळी ही नव्हे.
बाईची पाळी ही नव्हे, त्याचं अवजार वेगळं.
हे पाणी सोडत नाही.
पाणी मनिराम सोडतो
आणि शनिवारी तो बाजारात असतो.
शेवटची ओळ खोडली. थोड्या वेळानं परत घातली.
कळलं नाही तर विचार.

यंत्र विचारू लागलं.
'पाण्याची की शरीराची?'
चिंधूभाऊ खूश. 'आता बराबर इचारते.'
सातवं गेट दोन दिवस उघडं होतं.

मग वैशाखात, दुपारी तीनला,
कुणाची तरी मुलगी.
आवाज इतका हळू
की नोंदीत अर्धाच आला : पाळी चुकली.
यंत्रानं नियमानं विचारलं, कोणती.
चौदा सेकंद काही नाही.
मागं टेबलफॅन, एक कोंबडी.
फोन बंद.

त्या नोंदीपुढे मी बराच वेळ बसले.
ओळीत खोडण्यासारखं काही सापडेना.
सगळं स्पष्ट होतं,
आणि त्या स्पष्टपणालाच ती घाबरली असावी.
बाबांच्या चिंध्यांत हा रंग नव्हता.

लिहिलं :
आवाज दबका असेल तर कोणती असं विचारू नकोस.
घाई नाही, म्हण.
ताराताई वलकेंचा नंबर दे,
एकदाच, हळू.
नाव विचारू नकोस. गेट तर नाहीच.
पाणी हवं असेल तो स्वतःच ओरडेल.

मुलीचा फोन अजून आलेला नाही.
नोंद मी मिटवली नाही.
गेट क्रमांकाच्या जागी
रिकामा चौकोन आहे.