भगदाड

रबाळ्याच्या अलीकडे रुळांच्या भिंतीला
एक भगदाड होतं. माणूस आडवा होऊन निघेल एवढं.
कडा गुळगुळीत झालेल्या,
इतक्या पाठी त्यावरून घासून गेल्या होत्या.
पलीकडे कारखाने, अलीकडे आमच्या खोल्या.
पुलावरून अकरा मिनिटं,
भगदाडातून दोन.
नऊ मिनिटांसाठी कोण मरतं, असं सगळेच म्हणायचे
आणि सगळेच नऊ मिनिटं वाचवायचे.

मीही.
मी सुया भरते. इंजेक्शनच्या. एका खोक्यात शंभर.
हाताला मोजायची सवय आहे,
म्हणून रूळही मोजायचे ओलांडताना:
एक, दोन, मग मोठ्या खडीची पट्टी, मग तीन, चार.
चार झाले की बाई कामावर पोचली.

त्या सकाळी पनवेलची गाडी धडधडत गेली.
शेवटचा डबा गेला, मी पाय उचलला,
आणि मागून कुणीतरी वेणी ओढली.
अशी ओढली की मान मागे कलली, डोळ्यांत पाणी.
वळले. एक पोरगं, निळं दप्तर,
ओठावर मिसरूडसुद्धा नाही.
मी त्याला थप्पड मारली.
थप्पड आधी बसली,
ठाण्याची गाडी नंतर गेली,
माझ्या पाठीला वारा लावून.

तिचा आवाज पहिलीच्या आवाजात होता.
एका गाडीच्या पोटात दुसरी.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
कानात काही घातलेलं नव्हतं, फोन पिशवीत होता,
दोन्हीकडे बघितलंही होतं,
पण गाडी जाताना जी बाजू झाकते
त्या बाजूला बघणं म्हणजे भिंतीला बघणं.

पोरगं गाल चोळत निघून गेलं.
नाव विचारायचं राहिलं.

मग पावसाळ्याआधी ठेकेदाराने आमच्या सिद्रामला बोलावलं.
काम कुठलं, तर ते भगदाड बुजवायचं.
हसत हसत घरी आला:
आपलंच दार, आपणच लिंपायचं, वर साडेसातशे रोज!
मी पोळी उलटता उलटता म्हटलं,
ठेकेदार एकास आठ सांगेल, तू एकास चार घाल.
"सिमेंट काय तुझ्या बापाचं?"
नाही. वेणी माझी आहे.
त्याला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.
पण घातलं त्याने. नखांतलं दिसत होतं.

त्या रात्री ओव्हरटाइम करून पलीकडून आला
तर थापी-ओळंबा घेऊन भिंतीशी उभा,
आपण सकाळी काय केलंय ते विसरून.
हात फिरवला म्हणे. ओलं होतं अजून.
मग शिव्या देत पुलावरून आला,
भगदाडाला, ठेकेदाराला, मला.

बारा दिवस टिकली.
तेराव्या दिवशी हातभर बाजूला नवं भोक.
जुन्या भिंतीत, भुसभुशीत, दोन घणांत पडलेलं.
सिद्राम मुद्दाम बघून आला आणि जेवताना म्हणाला,
माझा तुकडा उभा आहे.
एवढंच म्हणाला. भात दोनदा घेतला.

मी आता पुलावरून जाते.
बावन्न पायऱ्या चढायच्या, बावन्न उतरायच्या.
सदतिसावीला गुडघा बोलतो.
नऊ मिनिटांचे पैसे सुपरवायझर धायगुडे
तीन वेळा कापून झाला आहे, त्याचं पुस्तक पक्कं.
निळं दप्तर दिसलं की गाल बघते,
डावा की उजवा, तेही आता आठवत नाही.

वर पोचल्यावर थोडं थांबते. दम लागतो म्हणून.
तिथून दोन्ही गाड्या दिसतात,
एकीआड येणारी दुसरीही, पार लांबूनच.
आणि खाली भोकाशी उभी असलेली माणसं,
पहिली जायची वाट बघणारी.
मी ओरडते. "दुसरी आहे, थांबा!"
पहिलीच्या आवाजात काही ऐकू जात नाही.
तरी एकदा एका बाईने वर बघितलं होतं,
कोण बोंबलतंय म्हणून, रागाने,
आणि तेवढ्यात तिचा पाय थांबला होता.