तपकिरी

शिरोलीत फाउंड्र्यांच्या मागच्या गल्लीत आमची लॅब.
फाटकाबाहेर भंगार गंजत पडलेलं,
आत मी, कोपरापर्यंत स्पिरिट,
केळीचा कोंब सोलते, पापुद्र्यामागून पापुद्रा,
शेंगदाण्याएवढा पांढरा गाभा उरेस्तोवर.

पांढरा राहतो तो मोजून चार मिनिटं.
मग कडेनं तांबूस.
सकाळी बाटली उजेडाला धरावी
तर जेलीत उतरलेला रंग
टपरीवरच्या पहिल्या उकळीचा.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, किल्लेदार सर म्हणतात.
मी वहीत लिहिते : एकेचाळीस ते साठ, काळवंडल्या.
बाहेरून कुणी आलेलं नाही,
बुरशी नाही, जिवाणू नाही.
जखम बुजवायला त्यानंच धाडलेला रस
हवेला भेटला
आणि फितूर झाला.

इलाज आहेत. लिंबाचं सत्त्व, क जीवनसत्त्व,
जेलीत चिमूटभर कोळसा,
आणि आठवडाभर अंधार.
उजेडसुद्धा सोसत नाही या दिवसांत.

बाटल्या धुता धुता रजिया नदाफ हसली.
"केळफूल चिरताना आमी काय करतोय मग?
हाताला त्याल, चिरल्यालं ताकात.
तुमचं ताक म्हाग, एवढंच की."
सर त्या दिवशी गडहिंग्लजला गेलेले.
मी वहीत लिहिलं नाही.
लिहायला हवं होतं.

एक नियम मात्र मला मनापासून पटतो :
आपल्याच रसानं काळी झालेली जेली
बुडाशी साचायच्या आत
कोंब उचलायचा, काळी कड छाटायची,
नव्या बाटलीत ठेवायचा.
परत काळा. परत उचलायचा.
चंदगडहून मी आले तेव्हा
एक बॅग होती. त्याबद्दल एवढंच.

संध्याकाळी केएमटीत, तावडे हॉटेलच्या अलीकडं,
कंडक्टरनं सुट्टे घेताना माझी बोटं बघितली.
चिकाचे डाग. साबणानं जात नाहीत,
रॉकेलनं थोडे.
"रंगकाम करता काय?"
हो म्हटलं.

आज अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर हात आडवा धरून
मांडणी तपासली.
त्रेपन्न नंबर. मधोमध तपकिरी खपली,
आणि एका बाजूला, हिरवं म्हणता येणार नाही,
पोपटीही नाही,
नुसतं काळं नसलेलं काहीतरी,
तांदळाच्या कणीएवढं.

सरांना हाक मारली नाही.
बॅटरी विझवली,
दार ओढून घेतलं.