रिझर्व्ह

सोहारच्या बंदरालगत, रिफायनरीत
टाक्यांची पातळी मोजतो मी. एकोणीस वर्षं.
कुठल्या टाकीत किती, झोपेतही सांगेन.
घरची गाडी तेवढी ठरवता येईना.

शोरूममधला शिजू म्हणाला, पूर्ण विजेची घ्या सर,
इंजिनच नाही, ऑइल नाही, धूर नाही.
(इथली वीज कुठल्या धुरातून येते
ते मी त्याला सांगितलं नाही.)
मग दुसरी दाखवली, प्लग-इन हायब्रिड.
सत्तर किलोमीटर विजेवर, पुढं पेट्रोल.
दोन्ही आहे सर. टेन्शन नाही.

दोन्ही आहे, हे मला लगेच पटलं.
माझं सगळं तसंच तर आहे.
इथं भाड्याचं घर, देवरूखला कुलूपबंद ब्लॉक,
दोन बँका, दोन सिमकार्डं,
दर दोन वर्षांनी नवा होणारा परवाना
आणि कपाटावर कायम रिकामी ठेवलेली मोठी बॅग.
दोन डगरींवर पाय ठेवून
माणूस किती वर्षं उभा राहू शकतो
याचा नमुना कुणाला हवा असेल तर मी आहे.

निरुपमा मात्र महिनाभर
कॅलेंडरच्या पाठीमागं लिहीत राहिली.
कामावर जाऊन-येऊन चौतीस.
मासळीबाजार धरून एक्केचाळीस.
शुक्रवारी किनाऱ्यापर्यंत, अकरा.
एकदाच सत्तावन्न, कारण रस्ता चुकलो
आणि चुकलो हे मी कबूल केलं नाही.
"बघ," म्हणाली, "एवढेच आहोत आपण."

मी उन्हाचं काढलं. अठ्ठेचाळीस डिग्रीत
बॅटरी आधी स्वतःला थंड करणार, मग आपल्याला,
उरलं तर चाकांना.
मी घरमालकाचं काढलं. भिंतीला भोक पाडू देईल?
खलफाननं काहवा पाजला, मीटरकडे बोट केलं,
म्हणाला, दोन पाड. बिल तुझं.

मग राहिली ती रात्र,
जिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
पावणेअकराला फोन.
जुनी गाडी, काटा लालच्या जरासा वर,
सहम, खाबूरा, सुवैक,
पंपावरचा पोरगा डोळे चोळत आला,
चार मिनिटांत टाकी भरून दिली.
चार मिनिटं.
पुढं बरका, मग विमानतळाचे दिवे.
विमान मिळालं.
नाना मिळाले नाहीत.

"अशी रात्र पुन्हा आली तर?" मी म्हणालो,
"वायर लावून अर्धा तास बसायचं रस्त्यात?"
ती लसूण सोलत होती. हात थांबला नाही.
"तिकडून फोन करायला आता उरलंय कोण?"

गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिचं टीं टीं बराच वेळ चाललं.

त्या रात्री हायब्रिडचं माहितीपुस्तक
शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचलं.
न वापरलेलं पेट्रोल टाकीत शिळं होतं.
म्हणून इंजिन अधूनमधून आपणहून सुरू होतं,
गरज नसताना,
जुनं थोडं जाळतं, आणि गप्प होतं.
मी ओळखलं त्याला.
पहाटे तीनला मी असाच उठतो,
फोन बघतो,
पुन्हा आडवा होतो.

घेतली शेवटी. विजेची.
पाच महिने झाले. भिंतीला बांधलेली असते रात्री.
उन्हाळ्यात आकडा भराभर उतरतो,
तेव्हा मी गाणं बंद करतो, जसं काही गाण्यानंच वीज खाल्ली.

काल कामावरून येताना
गाडी सवयीनं पंपावर वळली.
रुहुल धावत आला, नळी हातात,
"फुल्ल, भाईजान?"
झाकण शोधत गाडीभोवती एक फेरी मारली त्यानं,
मग दुसरी.
मी काच खाली केली.
"नाही रे. चहा फक्त.
दोन सांग. तूही घे."