वाया

मे महिना. चिनावलच्या नर्सरीत हिरव्या जाळीखाली
ऊनसुद्धा हिरवं पडतं, पण भाजतं तसंच.
मी हजेरी घेते. सव्वीस बाया, दोन पुरुष,
नऊ हजार पिशव्या, जी-नाईनची बोटभर रोपं.

साडेअकराला जैतुनबी ओरडली.
पिशवीतल्या ओल्या मातीतून
काळ्या दोऱ्याचा वीतभर तुकडा
स्वतःच स्वतःला ओवत बाहेर येत होता.

"कानात घुसते ते!"
कुणी कानावर पदर ओढला, कुणी खुरपं उचललं,
ट्रॅक्टरवाला लोटन तर डिझेलचा डबा घेऊन निघालासुद्धा.

सुपडाबाई तेवढी उठली नाही.
कोपरापर्यंत मातीत हात, म्हणाली,
"वाया हाये तो. वाया.
त्याले धड डोयाबी नही, तुले काय खाईन?"

आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही.
केळीची केयी होते, डोळ्याचा डोया,
काळा रंग काया होऊन बसतो.
सातवीत बाईंनी माझ्याकडून दोन पानं भरून घेतली,
केळी, केळी, केळी.
घरामागची पंधराशे खोडं मात्र केयीचीच राहिली.

मी मनातल्या मनात शुद्ध म्हणून पाहिलं: वाळा.
वाळा तान्ह्याच्या पायातला.
वाळा शेठच्या कूलरच्या जाळीतला, ज्याचा वास
ऑफिसच्या उंबऱ्यापाशी थांबतो,
आमच्यापर्यंत येत नाही.
आणि वाळा हा,
माझ्या तळहातावर, गांडुळाहून कोरडा,
शेपटीचं टोक कातडीला टोचून बघणारा.
शस्त्र म्हणून जे काय आहे ते एवढंच.

डोळे म्हणजे खवल्याखाली सांडलेले शाईचे दोन ठिपके.
उजेड आहे की नाही, इतपत कळतं.
खाणं मुंग्यांची अंडी, वाळवीची पिल्लं.
कॉलेजात शिकले होते ते मी सांगून टाकलं,
की यांच्यात नर नसतोच.
आई एकटीच अंडी घालते,
त्यातून पुन्हा मुलीच.

पिशव्या भरणारे हात थांबले.
"सगळ्या पोरीच?"
"सगळ्या."
"आन् कोनी काही म्हनत नही?"

हे मथुरानं विचारलं.
चौथीच्या वेळी दवाखान्यातून घरी येताना
सासूनं तिला रिक्षाचं भाडं दिलं नव्हतं,
कडेवर पोर घेऊन ती निंभोऱ्याहून चालत आली होती.

कोणी हसलं नाही. मग सगळ्याच हसल्या.
लोटन डबा पाठीमागे धरून
सातपुड्याकडे बघत उभा राहिला,
जणू डिझेल तिकडंच न्यायचं होतं.

मी हात पिशवीच्या तोंडाशी नेला.
ती, आता ती म्हणते,
बोटांमधून उतरली, रोपाच्या मुळाशी गेली,
माती मिटली.
पिशवीवर मी खूण केली नाही.

संध्याकाळी रजिस्टर भरताना रकाने आले:
तुटलेली, करपलेली, वाया.
हात आपोआप चालला,
वाया : एक.

खोडायला हवं होतं. शेठ उद्या विचारतील,
कुठली पिशवी, दाखव.

ती चार वाजताच बऱ्हाणपूरच्या गाडीत चढली,
वरून दुसरी रांग, केयीची.