परत करताना

तोल्गाने चार ठिकाणी सह्या घेतल्या, किल्ली दिली.
म्हणाला, मधल्या आकाराची सेडान. शहरात मावते,
हमरस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही.

बाबांनी आधी टायरवरून हात फिरवला.
तेहेतीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस
इस्पितळाची पिशवी मांडीवर घेऊन
पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसला.

अंकारा सुटेपर्यंत सिग्नलमागून सिग्नल. गप्प.
मग उजवीकडे मिठाचं तळं, पांढरंफटक,
आणि काटा एकशेदहावर.
वळण आलं की त्यांचा पाय
रबरी चटईत रुतायचा.
तिथे ब्रेक नव्हता.
मला दिसत होतं. बोलले नाही.
अक्सरायच्या अलीकडे मात्र
ते दाबतील तेव्हा मीही दाबू लागले,
जरासा, उगीच.

"ऐकते हं गाडी," बाबा म्हणाले.

शनिवारी तोल्गा बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरला.
ओरखडा नाही, पोचा नाही, टाकी भरलेली.
शेजारच्या सीटपुढची चटई
टाचेपाशी दुमडली होती.
ती त्याने झटकून सरळ केली
आणि नुकसानीच्या रकान्यात लिहिलं:
काही नाही.