शब्दयोगी अव्यय

चॅपलच्या मागच्या खोलीत, गुरुवारी साडेसहाला,
मी फळ्यावर लिहिते : कम डाऊन विथ.
म्हणजे आजारानं आडवं होणं.
सर्दी चालते, फ्लू चालतो, कांजिण्या चालतात.
मोडलेला पाय चालत नाही.
हसू नका, व्याकरणाचं बोलतेय मी.

फरामर्झ विचारतो, डाऊन का?
त्यांच्याकडे माणूस थंडी खातो, आणि मग शिंकत बसतो.
माझ्या आईच्या वेल्शमध्ये सर्दी अंगावर असते,
शालीसारखी,
काढून खुंटीला टांगता येईल अशी.
इंग्रजीत मात्र खाली उतरावं लागतं.
कुठून, ते पुस्तकात नाही.
मी म्हणते, पाठ करा.

दायवा वृद्धाश्रमात रात्रपाळी करते.
तिच्या वहीला हातमोज्यांच्या पावडरीचा वास.
पाचवं वाक्य : मिस्टर प्रॉसर केम अप विथ डस्ट.
प्रॉसरसाहेब धूळ घेऊन वर आले.

मी लाल पेनानं 'अप'वर काट मारते.
समासात लिहिते, कम अप विथ म्हणजे सुचणं.
कल्पना सुचते, सबब सुचते.
धूळ कुणाला सुचत नाही.

दायवा वाद घालत नाही. एवढंच म्हणते,
रात्री तीनला मी त्यांना उशांना टेकवून बसवते,
तेव्हा त्यांनीच सांगितलं.
सोळाव्या वर्षी खाली गेले, तेव्हा ठणठणीत होते.

दाराशी यॉरवर्थ, किल्ल्यांचा जुडगा घेऊन,
आठला कुलूप लावायचं म्हणून.
तो खोकतो. नेहमीचंच,
मी कधी मोजलं नव्हतं.
"पिंजऱ्यात चौदा जण मावायचो," तो म्हणतो.
"जाताना चेष्टामस्करी.
येताना नुसते डोळे दिसायचे एकमेकांचे.
पोरगी बरोबर लिहितेय, बाई."

कंपनीच्या डॉक्टरनं त्याच्या कागदावर लिहिलं होतं ब्राँकायटिस.
हा शब्द कम डाऊन विथपुढे अगदी चपखल बसतो.
भरपाईच्या अर्जात नाही बसला.

मी खोडरबर हुडकते.
लाल शाई रबरानं जात नाही, कागद तेवढा फाटतो.
मग काट मारलेल्या 'अप'खाली
तीन ठिपके देते.
छापखान्यातली जुनी खूण : राहू द्या.

फरामर्झ ते ठिपके आपल्या वहीत उतरवून घेतो
आणि विचारतो,
हा नियम कितवा?