आठ बटणं

फोंड्याला, वरच्या बाजारात,
सुर्लकरांच्या मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे.
दर गुरुवारी सहाला आम्ही तिथं जमतो.
जो पहिला पोचतो तो पंखा लावायला जातो
आणि खालच्या दुकानाची पाटी उजळतो.

सात आठवडे झाले.
झाकणं झाली. 'इथे फाडा' असं लिहिलेल्या
आणि नेमक्या तिथंच न फाटणाऱ्या पुड्या झाल्या.
गोळ्यांची मुदत, जी औषधवाल्याच्या कात्रीत राहते,
तीही झाली.
टिपणं माझ्याकडे. चित्रकलेचा मास्तर होतो मी,
अक्षर बरं आहे, एवढ्यावर निवड.

आज भिंतीवरचा बोर्ड.
आठ बटणं. आठही पांढरी, आठही एका आईची.

नियम एकच, बेनेदितानं फळ्यावर लिहिलेला:
पहिला अर्धा तास कुणी 'नाही' म्हणायचं नाही.
त्यामुळे सगळे 'हो, पण' म्हणतात.

रंग द्या, म्हणाला निशिकांत.
हो, पण अंधारात?
पंख्याच्या बटणाला पात्याचा आकार द्या.
हो, पण विकणार कोण?
बोर्ड म्हणजे खोलीचा नकाशाच करा,
दिवा जिथं, बटण तिथं
(हे मला आवडलं, दोनदा अधोरेखित केलं).
हो, पण पंखा दुसरीकडे टांगला तर?
टाळी वाजवली की लागणारा दिवा.
हो, पण चवथीला घरात घुमटावर आरत्या चालतात तेव्हा?

बोस्त्यांव वायरमन खुर्ची उलटी करून बसला होता.
म्हणाला, तीस वर्षं बोर्ड बसवतो मी.
जी वायर आधी हाताला लागते
ती पहिल्या बटणाला.
कुणी कधी विचारलंच नाही.

आम्ही भिंतीकडे पाहत राहिलो.
इतकी वर्षं उगाच वाटायचं
की त्या क्रमामागे कुणाचं तरी डोकं असेल
आणि आपलंच कमी पडत असेल.

मग प्रेमावतीबाई बोलल्या.
एरवी त्या शेंगा सोलत ऐकतात.
'मी रात्री उठतच नाही.
न्हाणीचा दिवा लावायला जाते, आतल्या खोलीतला लागतो.
सून एकला ड्यूटीवरून येते, तिचा डोळा नुकता लागलेला.
मग मी पडून राहते.
पहाटे पोदेराचा भोंगा वाजला
की सगळेच उठतात. तेव्हा उठते.'

शेंगेचं टरफल तेवढं वाजलं.
'हो, पण' कुणी म्हटलं नाही.

बेनेदिताच्या पिशवीत रात्रीच्या तिसऱ्या होत्या.
तिनं एक उघडली, बेसिनमध्ये शिंपली धुतली,
रुमालानं पुसली.
बोस्त्यांवनं गोंदाची ट्यूब दातानं उघडली,
आणि दोघं बाईंच्या घरी गेले, न जेवता.
मी लिहिलं: प्रयोग क्रमांक एक.
बटण तिसरं. शिंपली, खरखरीत बाजू वर.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या, बसल्या,
म्हणाल्या, शिंपली गेली.
नातवानं खरवडून काढली,
दप्तरात ठेवली, वर्गात दोन रुपयांना विकली.

निशिकांत लगेच सुरू झाला: स्क्रू मारू,
खाच पाडू, बटणच उंच करू.
बोस्त्यांव म्हणाला, दोन रुपये कमीच घेतले रे.

'अरे, ऐकाल तरी?' बाई म्हणाल्या.
'गोंद राहिलाय. वाळून टणक झालाय, मुंगीएवढा.
बोटाला कळतो.
काल दोनदा उठले.'

हे कुणालाच सुचलं नव्हतं.
फळ्यावर त्याला जागा नव्हती.
मी वहीत 'प्रयोग फसला' असं लिहिलेलं खोडलं,
पण पुढं काय लिहायचं ते कळेना,
म्हणून तारीख घातली.

बोस्त्यांवनं खिशातून तीच ट्यूब काढली.
तोंडाशी दगड झालेली,
आत भरलेली,
टाचणीलाही न जुमानणारी.
टेबलावर ठेवली.

पुढचा विषय ठरला.